पाण्याची मनाई

विषय : श्रीमती चन्नम्मा वीरप्पा कोरे, ग्रंथपाल तथा वस्तुसंग्रह-रक्षक, यांना प्रशिक्षण वर्गास पाठविणेबाबत. संदर्भ : आमचा सन त्र्याहत्तरचा अर्ज आणि त्यामागून गेलेली स्मरणपत्रं — तुम्ही तोंडी विचारलंत म्हणून तोंडीच सांगतोय साहेब, पण विषय आणि संदर्भ म्हटल्याशिवाय माझी जीभ सुटत नाही. सगळी उमर तहसिलात कारकुनी केली. आता पेन्शनीत आहे, तरी बायकोकडं मीठ मागायचं तर आधी मागचा संदर्भ द्यावासा वाटतो. बसा. त्या खुर्चीवर नको, खुर्ची वाचनालयाची आहे पण तिचा चौथा पाय सोसायटीनं बसवून दिलाय, त्यामुळं तो हलायला लागल्यापासून दुरुस्ती कुणी करायची हे ठरत नाही. इकडं बाकावर बसा. चहा सांगितलाय. चन्नम्माबाई आत ठेवतायत.

तुमच्या ड्रायव्हरनं पेट्या उतरवल्या, बघितलं मी. हुकूमही वाचला. प्रशिक्षित कर्मचारी नसल्यानं येथील पुरातन वस्तू जिल्ह्याच्या ठिकाणी हलविण्यात याव्यात. बरोबर आहे, मीही असाच मसुदा केला असता, फक्त 'सत्वर' घातलं असतं, त्यानं कागदाला वजन येतं. पण साहेब, प्रशिक्षित कर्मचारी नाही म्हणून मूर्ती न्यायच्या, आणि कर्मचाऱ्याला प्रशिक्षण द्या म्हणून आम्ही बारा वर्षं दार वाजवतोय, ते दार तुमच्याच खात्याचं. तिला एकदा त्या सहा आठवड्यांच्या वर्गाला घ्या. मग मूर्ती इथं राहतील, आणि मूर्ती राहिल्या तर बाईची जागा राहील. नाही तर पुस्तकं काय, सोसायटीचा शिपाईही देईल असं आमचे चेअरमन म्हणतात. चेअरमन पुस्तक फक्त उशाला घेतात, त्यांना तसंच वाटणार.

कोणतं गाडगं? खालच्या फळीवरचं, फडकं बांधलेलं? ते राहू द्या. ते त्यातलं नाही — म्हणजे आहे, पण हलवायच्या यादीत येत नाही. त्याच्याकडं मग येऊ.

वास येतोय ना? युरियाचा. मागची खोली सोसायटीच्या खताची, पुढची वाचनालयाची, आणि ही दोन कपाटं म्हणजे वस्तुसंग्रहालय. आमच्याकडं कादंबरी घरी नेली तर दोन दिवस तिला शेताचा वास येतो, लोकांना वाटतं ग्रामीण साहित्य आहे. खरी अडचण मात्र वासाची नाही. वाचनालय शिक्षण खात्याकडं, मूर्ती तुमच्याकडं, इमारत सहकार खात्याकडं. मग बाई कुणाकडं? शिक्षण खातं म्हणतं, मूर्तींचं शिक्षण आमच्यात बसत नाही. तुमचं खातं म्हणतं, बाई पुस्तकवाली, तिला आम्ही कसं घेणार. सहकार खातं म्हणतं, प्रस्ताव चांगला आहे, सोसायटीची थकबाकी वसूल झाल्यावर बघू. आम्ही निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेली माणसं, तेव्हा याला 'जेरे गौर' म्हणायचे. आता 'विचाराधीन' म्हणतात. राज्य गेलं, भाषा बदलली, कागद होता तिथंच आहे.

ती कोण म्हणता? इथलीच. वीरप्पा कोरे म्हणून आमच्याकडं एक पानाचं दुकान चालवायचा, त्याची बायको. माहेर तिकडं आळंदच्या बाजूला, म्हणून बोलताना मधूनच कानडी निघतं. वीरप्पा एकाहत्तरला काविळीनं गेला. सातवी पास होती, वाचायचा नाद होता, मग वाचनालयाच्या समितीनं, चिटणीस मीच, कामावर घेतली. आणि पुढच्याच साली दुष्काळ. तुम्ही त्या साली शाळेत असाल. इथं शाळेचा मास्तरसुद्धा सुट्टीत खडी फोडायला जायचा. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं, आणि माती काढताना बायांच्या कुदळीखाली रांजण लागला. तोंड लिंपून बंद केलेला. मुकादम ओरडला, कुणी हात लावू नका. त्याला वाटलं सोनं. सगळं काम थांबलं, फोडून बघतात तर आत भुसा, आणि भुशात मातीच्या बाया. एवढ्या, वीतभर. कानात मोठाली कुंडलं, कुणाच्या कडेवर लेकरू. मुकादमाचं तोंड असं पडलं की बायाच हसल्या. म्हणाल्या, मालक, मजुरी वाढवून मागायला अजून बाया आल्या.

दुसऱ्या दिवशी मूर्तींना कुंकू लागलं, नारळ फुटले, जरा वेळानं एखादा पुजारीही लागला असता. चन्नम्माबाई गेल्या आणि पदरात घालून घेऊन आल्या. भांडून आणल्या बरं का. जुनं दिसतंय, जपून ठेवू, सरकारला कळवू, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी कळवलं. महिन्याभरात तुमच्या खात्याचे एक साहेब जीपमधून आले, तुमच्यासारखेच, टोपी तेवढी वेगळी. भला माणूस. त्यांनी पावती दिली, 'काही मातीच्या मूर्ती मिळाल्या' अशी. किती ते लिहिलं नाही. सरकारी भाषेत 'काही' हा फार दयाळू शब्द आहे, कुणालाच अडचणीत आणत नाही. मूर्ती तात्पुरत्या इथंच ठेवा म्हणाले, आणि बाईंना बजावून सांगितलं : तेल लावू नका, कुंकू लावू नका, उन्हात ठेवू नका. आणि मला म्हणाले, बाई हुशार आहे, आमचा वर्ग निघतोय येत्या उन्हाळ्यात, अर्ज करा. जीप निघायच्या आधी मी अर्ज लिहून हातात दिला.

तीन मनाया. बाईंनी तिन्ही पाळल्या. कुणाची म्हातारी नवसाचं तेल घेऊन आली तरी उंबऱ्यावरून परत. पाण्याचं मात्र साहेबांनी काही सांगितलं नाही. आणि त्या साली पाण्याची मनाई करायची तरी कुणाला सुचणार होतं?

चहा येतोच आहे. सरपण जरा ओलं असेल.

हां, पेनाचं टोपण लावलंत. बरं वाटलं. म्हणजे पेट्या आज रिकाम्याच जातील असं धरून चालू का? धरून नको, बरं, नुसतं मनात ठेवतो. तुमच्या हातात असतं तर तुम्ही ठेवल्या असत्या, हे दिसतंय मला. कपाट बघितलंत ना उघडून? प्रत्येक मूर्तीखाली कापसाची गादी, तीही स्वतः पिंजलेली. चार वर्षांपूर्वी पावसात छत गळलं तेव्हा युरियाची पोती भिजली, मूर्तीवर थेंब नाही. ही बाई रात्रभर — जाऊ द्या. सांगायचं एवढंच की जपणूक तिच्या हातात आहे, फक्त ज्ञान कुणी दिलं नाही. येत्या जूनला पंचेचाळीस पुरी होतील. तुमच्या वर्गाला तीच मर्यादा आहे. म्हणजे या खेपेला नाही तर नाहीच.

परत गाडगं. तुमची नजर तिथंच जातेय. बरं, मला एक सांगा, वर्गात पहिल्या दिवशी काय शिकवता हो? — व्हय. हेच. मूर्ती भाजलेली आहे की कच्ची ते ओळखल्याशिवाय पाणी लावायचं नाही. पहिल्याच दिवशी सांगता. पहिल्याच तासाला. बघा, मग मी म्हणतो ते काय वेगळं आहे? ती त्या उन्हाळ्यात फक्त एक दिवस आली असती तरी भागलं असतं. पहिल्या तासाला बसून दुपारच्या गाडीनं परत आली असती तरी.

झालं असं की मे महिन्यात साखर कारखान्याचे एक मोठे पुढारी दुष्काळी कामं बघायला यायचे ठरले. चेअरमननं सांगितलं, मूर्ती मांडून ठेवा, फोटो काढतील. दोन-तीन महिने खडीचा धुरळा, त्यात खताची पूड. मूर्तींचे चेहरे दिसत नव्हते. आता बाईंचं बघा. ती लिंगायताची लेक. गळ्यातलं लिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाण्याची धार धरायची, मग अन्न. लहानपणापासून तेच. तिच्या हिशेबात मान द्यायचा म्हणजे आंघोळ घालायची. मोठा माणूस येणार, आणि बाया अशा धुळीनं माखलेल्या बसणार? टँकर दोन दिवसांआड यायचा, घराला दोन घागरी. तिनं त्यातली एक घागर आणली. सासू होती घरात तेव्हा, म्हातारी धुरपदाबाई, तिला एक ठेवली आणि स्वतःच्या वाटणीची इकडं. बाहेर आमची जनावरं जिभा काढून उभी होती, आणि ही बाई आत मूर्तींना आंघोळ घालत होती. लिंगाला घालतात तशी, एकेकीला डाव्या हातावर घेऊन.

पहिल्या काही उजळून निघाल्या. लाल, जशा आज भट्टीतून काढल्या. ती खूश. मग राहिलेल्या चौघींना म्हणाली, तुम्ही फार मळलाय गं, तुम्ही जरा भिजत बसा. घमेल्यात ठेवल्या. त्या भाजलेल्या नव्हत्या साहेब. कुणी उन्हात वाळवून तशाच त्या रांजणात ठेवलेल्या. कितीशे वर्षं राहिल्या, पाणी लागलं नाही म्हणून राहिल्या. एकीला उचलून हातावर घेतली, धार धरली, तोंडावरचं काहीतरी वाहून गेलं. हिला वाटलं मळ निघतोय. म्हणून अजून धरली.

मी आलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. डावा हात तसाच पुढं, तळव्यावर चिखल. घमेल्यात गढूळ पाणी. कानडीत आईला अव्वा म्हणतात. मला म्हणाली, "तात्या, अव्वा गेली." रडली पण नाही. मी म्हटलं फेका ते पाणी, पुढारी येतील. फेकलं नाही तिनं. आठवडाभर ते घमेलं तसंच झाकून ठेवलं, बाहेर लोक वाटीभर पाण्यासाठी टँकरमागं पळत होते आणि आमच्या वाचनालयात हिनं घमेलंभर पाण्याची, ते उन्हानं आटेपर्यंत, राखण केली. मग तळाशी राहिलेली माती पदरानं टिपून गाडग्यात भरली. तेच ते. दर सोमवारी फडकं बदलते.

पुढारी? आले की. खताचा साठा बघितला, सोड्याची बाटली प्याले, आणि गेले. कपाटाकडं मान वळवली नाही. आणि वर्गाचं उत्तर त्याच आठवड्यात आलं, सदर पद मंजूर नसल्याने विचार करता येत नाही.

तेव्हापासून ही बाई लिंगाला पाणी घालताना डोळे मिटत नाही. बघत असते. मला माझ्या बायकोनं सांगितलं.

तुम्ही टोपण काढलंत.

नाही, हे लिहायचं नाही साहेब. हे मी अर्जाच्या समर्थनार्थ सांगितलं. प्रशिक्षणाची निकड दाखवायला. कारकुनाचा हा दोष आहे, मुद्दा पटला तरी वर आणखी एक जोडपत्र लावतो. चार म्हणालो का मी? काही म्हणा. पावतीवर 'काही' आहे, तुम्हीही 'काही' लिहा. गावातल्या एकालाही हे ठाऊक नाही, चेअरमनला नाही, तिच्या भावाला नाही, तिनं आणि मी — अहो, निष्काळजीपणा कसला? स्वतःचं प्यायचं पाणी घातलं तिनं. निष्काळजीपणा हा शब्द नका हो घालू, तो एकदा कागदावर आला की मी ओळखतो, पेन्शनीपर्यंत मागं येतो. हवं तर मूर्ती न्या. आजच न्या. मी स्वतः पेट्यांत कडबा भरतो. पण शेऱ्याच्या रकान्यात ते नका.

पूर्ण झालं लिहून?

बरं.

या, या चन्नम्माबाई. कप इकडं ठेवा. साहेबांना आधी पाणी द्या, उन्हाचे आलेत. नाही, काही नाही झालं. डोळे चुलीच्या धुरानं. पेट्या? पेट्यांचं साहेब बघतील काय ते. तुमचं मी विचारलं, व्हय, सविस्तर विचारलं.

अर्ज अजून विचाराधीन आहे.