बारशाआधीच भिंतीवर नाव

(बायडाबाई, मलकापूर. खानावळीत भाकरी थापता थापता सांगितलेलं.)

मूळ आमी मान तालुक्यातलं, म्हसवडाच्या पल्याड आमची वस्ती, मेंढरामागं फिरनारी मानसं आमी, आन पयलंच सांगून ठिवते ताई, माझं तोंड वंगाळ हाय, मदीच शिवी आली तर ती बी लिवा, गाळून-बिळून मला सोज्वळ करू नगा. दिवाळी झाली की आमचा वाडा हलायचा, वाडा म्हंजे घर न्हवं, मेंढरं, घोडं, कोंबड्या, पोरं समदं घिऊन निघालेलं बिऱ्हाड, पार कोकनाकडं. तसंच येका साली वाटंतच आई गेली. ताप आला आन गेली. भाऊ माझा, तानाजी, अंगावर पीत हुता, मी परकर नेसनारी पोर. बा म्हनला, बायडे, आता ह्येची आई तूच. येवढं बोलून त्यो मेंढरामागं गेला, आन मी तान्याला पाठीला बांधला आन चुलीला जाळ घातला, कारन आई मेली तरी भाकरी करायचीच हुती, प्वाट थांबतंय व्हय?

तवापास्नं तान्या माझा. शेळीच्या दुधावर वाढीवला. माझं लगीन झालं तवा रडत रडत माझ्या मागं सासरी आला, सासू म्हनली, ह्यो काय आंदन घिऊन आलीस का गं, मी म्हनलं, व्हय, आंदनच हाय, ठिवा फळीवर. मार खाल्ला त्या बोलन्यापायी, पर पोराला धाडला न्हाई. शिकला, आयटीआय केलं, आता सांगलीला कारखान्यात सुपरवायझर हाय, इस्त्रीची पॅन्ट घालतो. मला पोरबाळ न्हाई. मालक आदी मुंबईला माथाडी हुतं, आता हितं कॉलेजवर वॉचमन, म्हनून आमी मलकापुरात. सांगायचं काय, आई न्हाई, बा न्हाई, लेकरू न्हाई, माझं माहेर म्हंजे ह्यो येक भाऊ. त्यो तुटला की मी तुटले.

त्येला लय वर्सानं पोरगी झाली. आमच्यात नाव आत्या ठिवती, तुमच्यात बी तसंच आसंल. पाळन्यात वाकून कानात कुर्र करून नाव सांगायचं, तवर त्ये कुनाला कळू द्यायचं न्हाई, आन सांगितलं रं सांगितलं की बाया आत्याच्या पाठीत धपाधपा गुद्दं घालत्यात. गुद्दं खायला बी नशीब लागतं बाई! मी कुंची शिवली, झबलं घितलं, घुगऱ्या केल्या, एस्टीनं सांगलीला गेले, हॉलमदी पाय ठिवला आन बगते तर काय, समोर भिंतीवर फुगंच फुगं आन मदी सोनेरी अक्षरं. मला वाचाय येत न्हाई धड. येका पोरीला इचारलं, काय लिवलंय गं? ती म्हनली, आजी, बाळाचं नाव हाय की.

काय सांगू तुमाला! आत्या अजून दारात उभी आन नाव भिंतीवर! भावजयीला, प्रियांकाला म्हनलं, ह्ये काय गं? ती म्हनती, वन्सं, फोटोसाठी लावलंय, आजकाल समदी लावत्यात, तुमी आपलं कानात म्हना, फोटो काढायचाय. आता समद्या गावाला ठावं झालेलं नाव मी कानात सांगू? नाटकातली बाई हाय का मी? कुंची टाकली तितंच, तान्याला म्हनलं, तुज्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात रं, आजपास्नं तुला मी मेले. आन न जेवता निघाले. फाटकापाशी थांबले बगा. वाटलं, मागं येईल. आला न्हाई. आत फोटो चालला हुता.

तितनं फुडं डोस्क्यात नुसता इस्तू पेटल्याला. त्येचा फोन आला की कट. भाऊबीजंला आला, कट. रातध्याड येकच, मी वाढीवला, मला इचारलं न्हाई, मी कोन न्हाईच, माझा जलम फुकट गेला. मालक म्हनलं, अगं, रुसवा किती दिस धरायचा, तर त्येंच्याशी बी अबोला धरला. खानावळीत येक गिऱ्हाईक म्हनलं, मावशी, भाकरी करपली जरा, मी चुलीवरचा तवा पालथा केला त्येच्या म्होरं. खानावळवाली चांगली म्हनून ठिवली, दुसरीनं हाकलली आसती. दवाखान्यात गेले तर ब्लड प्रेशर हे वाढल्यालं. गोळ्या दिल्या, उतरंना. डाक्टर म्हनला, त्या खोलीतल्या मॅडमकडं जा, बोला त्येंच्याशी. मी म्हनलं, मी काय येडी हाय? त्यो म्हनला, येडं हुयाच्या आदीच जायाचं आसतं.

मॅडम म्हंजे कालची पोर. विवेकनिष्ठ का काय म्हनत्यात त्या उपचाराला, म्हंजे आपल्याच डोस्क्यातल्या म्हनन्याला कोर्टात उभं करायचं आन साक्षी मागायची. मी समदं सांगितलं, वाटलं, आता म्हनंल, अरेरे, लय वाईट केलं भावानं. म्हनली बी. म्हनली, रीत मोडली त्येनं, मला बी राग आला आसता. मी खूष. आन मग फुडं म्हनती, पर मावशी, तुमी कोन न्हाईच, ह्ये कोन म्हनलं? भाऊ म्हनला? न्हाई. भावजय म्हनली? न्हाई. मग कोन म्हनलं? मीच म्हनत हुते की रातध्याड. लय राग आला पोरीचा. म्हनलं, रीत हाय बाई, आत्याला मान द्यायलाच पायजे. ती म्हनली, द्यावा हे खरं, पर दिलाच पायजे, आसं त्येला कोन बांधून घालनार? मेंढरू तरी ऐकतं का समदं?

दुसऱ्या खेपंला मी म्हनलं, मला न्हाई सोसवत. तर इचारती, मावशी, ह्येच्यापरीस वाईट कदी सोसलंय का? मी बोलले, आईचं बोलले. ती म्हनली, त्ये सोसलं, मग फुग्यावरचं नाव सोसवत न्हाई, आसं कसं? आवं, उठलेच मी! म्हनलं, माज्या मेलेल्या आईला मदी आनू नगंस, तुजी जीब झडंल! खुर्ची ढकलली, निघाले. म्हनलं, पुन्हा त्वांड बगनार न्हाई हिचं. पर भाकरी थापायला बसले आन तीच बोलनी डोस्क्यात. आई मेली त्या दिशी बी मी भाकरी केली, बाला वाढली, आन आता फुग्यापायी गिऱ्हाइकाम्होरं तवा पालथा? कुनाला सांगू नगा, पर त्या दिशी मला माजाच राग आला, आन पोरीचा त्येच्याहून जास्त, कारन ती खरं बोलली हुती.

गेले पुन्हा. तिनं शिकीवलं, राग आला की थांबायचं आन बगायचं, मी मनात काय म्हनतिया. मग त्येच बदलून म्हनायचं, मान द्यायला हवा हुता, न्हाई दिला, वंगाळ केलं, पर मी हाय तितंच हाय. मी भाकरी थापताना मोठ्यानं म्हनायची, बाकीच्या बाया म्हनायच्या, बायडाबाईला वारं आलं. हसा म्हनलं, रांडांनो, हसा.

मग मालकाला तान्याचा फोन आला, म्हसवडला नाथाच्या देवळात पोरीचं जावळ हाय, आक्काला सांगा, येत आसंल तर येऊ द्या. येत आसंल तर! ह्येला बोलावनं म्हनत्यात? आन जावळ मामाच्या मांडीवर काढत्यात, तितं आत्याचं काय काम? मॅडमला म्हनलं, मला कुनी बस बी म्हननार न्हाई. ती म्हनली, मग काय हुईल? मी म्हनलं, मग उभी ऱ्हाईन. आन? आन काय, पाय दुखतील. दोगी बी हसलो.

गेले. प्रियांकाच्या भावाच्या मांडीवर पोरगी बसल्याली, न्हावी वस्तरा लावतुया, पोरगी बोंबलतीया. मी सरळ तान्याम्होरं उभी ऱ्हायले. म्हनलं, बारशाला तू रीत मोडलीस, मला राग आला, आजून हाय. त्यो हसला, ताई. हसला आन म्हनला, आक्का, येवढ्याशा फुग्यावनं वरीसभर?

पायातनं आग मस्तकात गेली बगा. पाय एस्टीकडं वळलं बी. तोंडात शाप आला हुता, भावाला द्यायचा शाप, त्यो येकदा तोंडातनं गेला की म्हागारी येत न्हाई, मला ठावं हाय. आन तितंच मी मला इचारलं, बायडे, ह्यो हसला म्हनून तू कोन न्हाईस का? हाय की! हाय! मग मी म्हनलं, मुडद्या, फुग्यावनं न्हाई. तुला वाटायला पायजे हुतं, तुला वाटलं न्हाई. मी रागात हाय आन मी जानार न्हाई, जा, काय करायचं त्ये कर. त्येचं हसू गेलं. मान खाली घातली आन म्हनला, जेवली का आक्का? म्हनलं, न्हाई. सतरंजीवर बसले मी. प्रियांकानं पोरगी आनून मांडीवर दिली, तिचं डोस्कं गुळगुळीत, रडून रडून हुंदकं देतीया, माज्या पदरात त्वांड खुपसलं तिनं.

आता म्हैन्याला जाते सांगलीला. भावजयीचा च्या पांचट, त्ये बी तोंडावर सांगते. राग येतो, रोज येतो, माजा राग गेला आसं लिवू नगा, खोटं हुईल. तान्या आजून चुकलं म्हनला न्हाई. म्हनायला पायजे हुतं त्येनं, येकदा तरी. न्हाई म्हनला. त्येच्या तोंडातनं दोन शब्द कवा पडत्यात म्हनून मी काय माजं माहेर दारात उभं ठिवू? नाथबाबा त्येला सुखी ठेवो, आन जमलं तर थोडी अक्कल बी देवो.