कान : उत्तम

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या एका प्राध्यापकांच्या पुढल्या बाकावर एक आई आणि शाळेच्या निवृत्त नर्सबाई बोलत होत्या. आईची मुलगी खिडकीपाशी पाठमोरी उभी होती.

"तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसवली हो, बाई. म्हणे लक्षच देत नाही."

"आणि आरोग्यपत्रिका?"

"त्यात दरवर्षी 'कान : उत्तम'. कारकुनानं अख्ख्या वर्गाचं एका बैठकीत भरलं."

"शाबास! डॉक्टरसुद्धा इतके भराभर तपासत नाहीत."

"तुम्ही असायला हव्या होतात. दुसरीत असताना माझा कान तुम्हीच तर वाचवलात."

"रडून खोली डोक्यावर घेतली होतीस, बये."

"ती खोली आहे का हो अजून?"

"आहे तर. तिथं आता ढाली ठेवतात. 'सर्वांत निरोगी शाळा' म्हणून मिळालेल्या. माझ्या जागी कुणाला नेमलंच नाही."

"बाई, तेव्हा मारायचात तशी मागून हाक मारून बघता?"

"चिमणे..."

मुलगी खिडकीबाहेरच पाहत राहिली.

"मोठ्यानं मारू का गं?"

"नको. मोठ्यानं मीही मारते. घरात साधी मारतात ना, तेवढीच मारा. आणखी एकदा."