ह्यांचं पळणं

डॉक्टरकडं? आणि ते कशाला, सर? काळजाची पट्टी काढायची — कुणाच्या, ह्यांच्या? अहो न्हाय हो, काळीज ठणठणीत हाय त्यांचं! तुम्ही बसा की आधी. हे शहापूरला साड्या पोचवायला गेल्यात, आत्याबाई बाजाराला. घरात मी एकटीच, आणि मला फारसं बोलता येत न्हाय — लग्न होऊन आल्यापासनं अख्ख्या वडगावात माझं नावच पडलंय, रुक्माबाईची मुकी सून. तवा काय चुकलं माकलं तर सांभाळून घ्या. चहा टाकलाय.

काल बॉक्सिंगच्या सरावात दुसऱ्या राऊंडलाच ह्यांचं तोंड उघडं पडलं म्हणताय. व्हय, बघितलं की मी, ओठ फुटून आलते. आणि तुम्हाला कोडं पडलंय — जो गडी रोज पहाटे असा पळतोय, ज्याची फोनातल्या नकाशावरची पळाल्याची लाल रेघ सगळ्या ग्रुपात लांब, त्याला धाप लागतीच कशी? म्हंजे काळजातच काहीतरी बिघाड. तुमचा हिशेब बरोबर हाय, सर. कुणीबी असंच म्हणंल. पण म्हणून रविवारच्या धारवाडच्या निवडीतनं त्यांचं नाव काढायचं? असं करू नका. निवड हुकली की खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी हुकली, आणि नोकरी हुकली की मामंजींनी नवा माग ठरवूनच ठेवलाय. ह्यांना मागावर बघितलंय का तुम्ही कवा? दोरा तुटला तरी मुठी वळतात. दोऱ्याशी भांडायला उभा ऱ्हाणारा माणूस हाय तो, त्याला विणकामात कशाला घालायचं!

पळतात हो, पळतात. रोज. म्हंजे — रेघ दिसती न्हवं तुम्हाला? मग झालं की. रेघ काय खोटं बोलती? फोन पळाल्याशिवाय रेघ उमटत न्हाय. फोन पळतोय. फोन कुणाच्या कमरेला असतोय, ते काय रेघंत दिसत न्हाय — न्हाय, मी काय म्हटलं न्हाय. साखर जास्त झाली का?

असं बघू नका सर माझ्याकडं. सांगते. न्हाय तर तुम्ही उद्या धडधाकट माणसाच्या छातीला वायरी लावून बसवाल, आणि आत्याबाई सगळी गल्ली रडवतील. तर झालंय असं — आत्याबाईंनी नवस बोललाय. ल्योक निवडला जाईपर्यंत नव्या सुनंनं रोज पहाटे येळ्ळूर रस्त्याच्या शेतातल्या मारुतीला पाणी घालायचं. अनवाणी, आणि जाता-येता कुणाशी बोलायचं न्हाय. खेळायचं ल्योकानं, जिंकायचं ल्योकानं, पाय झिजवायचे सुनंनं — असू दे, मी काय बोलले का? तर पहिल्याच पहाटे आम्ही दोघं संगटच बाहेर पडलो, हे पळायला, मी पाणी घालायला. कोपऱ्यावर आल्यावर ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "सुवर्णा, तू तिकडं चाललीसच न्हवं? मग ह्यालाबी फिरवून आण." आणि स्वतः अनगोळच्या नाक्यावर, वडा-सांबार. मला बोलायची मनाई, मी काय म्हणणार?

त्या दिवशी तुमचा निरोप आला ग्रुपात, "मंथन, पळतोयस का वरातीत चाललायस?" हे माझ्यावरच डाफरले — "जरा पाय उचल की गं, माझी अब्रू जाती!" म्हणून दुसऱ्या दिवशी उचलला. आईशप्पथ सांगते, पहिल्यांदा जीव नाकात आला. छातीत निखारे, कुशीत कळ, तांब्यातलं पाणी सगळं साडीवर. मारुतीला चूळ भरण्यापुरतंबी उरलं न्हाय. मग अक्कल आली, तांब्या रिकामाच न्यायचा, तिथल्या नळावर भरायचा. देवाला पाणी मिळाल्याशी मतलब. आणि साडीच्या आतनं ह्यांची जुनी ट्रॅकपँट.

आणि तुम्ही बोलून पाठवता न्हवं फोनवर, ते सगळं मीच ऐकते. हे ऐकत न्हाईत, म्हणतात सर लई लांबण लावतात. "तिसऱ्या राऊंडला हात खाली येतात ते हात थकल्यामुळं न्हाय रं, दम संपल्यामुळं. ठोसा पायातनं येतो, आणि पाय दमावर उभे असतात." किती खरं हाय! आधी कितीतरी दिवस एका चालीनं, बोलता येईल एवढंच पळा म्हणालता तुम्ही — मला बोलायचं नव्हतं, मी मनात बोलत पळाले. मग तुम्ही म्हणालासा, चढाला जोर लावा आणि उताराला श्वास जागेवर आणा, चढ म्हंजे राऊंड, उतार म्हंजे मधलं मिनिट. लावला जोर. आणि एक दिवस काय झालं कुणास ठाऊक, सर — पाय आणि श्वास असे बसले एकमेकांत, उभ्या दोऱ्यात आडवा दोरा बसावा तसे. उसाचा वास, अंगावर गार वारं, रस्त्याला कुणी न्हाय. मला वाटलं, हे संपूच नये. त्या दिवशी तुम्ही लिहिलं, "शाब्बास वाघा!" मी मारुतीच्या पायरीवर बसून ते परत परत वाचलं. लग्न झाल्यापासनं मला शाब्बास म्हणालेले तुम्ही पहिले. म्हंजे मला न्हवं ते. कळतंय मला.

घरी आल्यावर? हे नाक्यावरच्या नळाखाली टी-शर्ट भिजवून माझ्या आधी पोचलेले. आत्याबाई त्यांची दृष्ट काढतात, बदामाचं दूध देतात — "किती घामाघूम झालंय गं लेकरू!" आणि मला, "इतक्यात आलीस? पाणी घातलंस न्हवं, का अर्ध्यातनं फिरलीस?" पण त्याचं काय न्हाय. तुमची विद्या मला घरातबी उपयोगी पडती. आत्याबाईंनी बोलायला घेतलं की मी हनुवटी खाली घेते, नाकानं श्वास, सावकाश. पहिला राऊंड त्यांचा. दुसऱ्याला त्यांना धाप लागती. तिसऱ्याला त्याच म्हणतात, पाणी आण गं. — हे त्यांना सांगू नका हं.

हसू नका सर, — आणि उठूबी नका! रागावलात? ह्यांच्यावर? रागवा की, पण ऐकून रागवा. आळशी न्हाईत हो ते. पोत्याला ठोसे मारून मारून बोटं सुजवून येतात. मी विचारलं एकदा, मारायला एवढं, मग पळायला काय होतंय? तर म्हणाले, "रिंगणात समोर एक माणूस असतोय गं. त्याच्यावर राग धरता येतोय. रस्त्यावर कुणी नसतंय. नुसता मी आणि माझी धाप. आणि शेजारनं दूधवाला सायकलवर शीळ घालत फुडं जातो." खाली बघून बोलले. आतापर्यंत सगळ्या कुस्त्या — मुठीच्या हो, मला कुस्त्याच म्हणायची सवय — पहिल्याच राऊंडात संपवलेल्या, दमाची गरजच पडली न्हाय. आता निवडीत समोरचे पडत न्हाईत, उभे ऱ्हातात. घाबरलेत ते, सर. तुम्हाला सांगणार न्हाईत, मरतील पण सांगणार न्हाईत.

काय? ह्या रविवारचं नाव काढणारच? दम काय चार दिवसांत येत न्हाय — ते मला सांगताय! मला माहीत न्हाय व्हय किती पहाटा लागतात ते? बरं, पुढची निवड कवा? दिवाळीनंतर? मग त्यात घ्या. मामंजींचा माग तोवर मी लांबवते, मुकी सून रुसून बसली तर घरात काय हलत न्हाय, अजून करून बघितलं न्हाय एवढंच. पण आज त्यांना शिव्या देऊ नका. शिव्यांनी पळत न्हाईत ते, मान खाली घालून नाक्यावर जातात.

त्यांना समोर कुणीतरी पाहिजे न्हवं? राग धरायला? उद्या पहाटे नाक्यावर तुम्ही उभे ऱ्हावा, वडा खाऊ देऊ नका. फक्त एवढं म्हणा — "मंथन, ती रेघ तुझ्या बायकोची हाय, सगळ्या ग्रुपाला सांगू का?" आणि रस्त्याकडं बोट दाखवा. मी पुढं गेलेली असणार. आणि थांबणार न्हाय मी, सर, नवरा हाय म्हणून पाय मागं घेणार न्हाय — ज्या दिवशी ते मला गाठतील, त्या दिवशी त्यांचं नाव लिहा, त्याच्या आधी लिहू नका.

जावा आता. चहा प्याला न्हवं? मग जावा.