वॉकरवरचं प्लास्टिक

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे संस्थापक आदरणीय धर्माभाऊ, व्यासपीठावरील सरपंच सोनलताई, ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या फिजिओथेरपिस्ट अमिषाताई आणि माझ्या नागावकर बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी होमस्टेवाला माणूस, गोड बोलण्यावर पोट भरतो. पण आज गोड बोलणार नाही.

ताई तीन वर्षं आपल्या मंडळाचं व्यायाम केंद्र चालवत होत्या. गेल्या वर्षी माझ्या आईसाठी, चंद्राबाईंसाठी, मी त्यांना घरी बोलावलं. वाटलं, वस्तूंची यादी देतील, मी आणीन. यादी कसली! ताईंनी आईला चार वेळा खुर्चीतून उठवलं. हात कुठे टेकते, न्हाणीचा उंबरा कसा ओलांडते, ते बघितलं. मी हौसेने चाकांचा वॉकर निवडला होता. "अंगणात वाळू आहे निकेशदादा, चाकं रुततील," म्हणाल्या. चार रबरी बुडांचा साधा वॉकर घ्या, मुठी आईंच्या मनगटाच्या उंचीला ठेवा, आणि न्हाणीत टॉवेलच्या दांडीवर भिस्त नको, धरायला वेगळा दांडा भिंतीत पक्का बसवा. सगळं केलं. एकच गोष्ट माझ्या अकलेने केली.

आपल्याकडे खारी हवा. नव्या वस्तूचं प्लास्टिक आपण कधी काढतो का हो? मीही वॉकरच्या मुठींवरचं आणि बुडांवरचं प्लास्टिक तसंच ठेवलं, खराब व्हायला नको म्हणून. आई म्हणाली, "निकेश, हात सरकतंय रं." म्हटलं, "होईल सवय." तिसऱ्या दिवशी लादीवर वॉकर सटकला आणि आईचा खुबा मोडला.

आईला गाडीत ठेवलं आणि मी काय केलं, सांगू? घरात परत जाऊन ते प्लास्टिक ओरबाडून काढलं. इस्पितळात लोकांनी विचारलं, कशाने पडली? मी म्हणालो, "ताईंनी सुचवलेल्या वॉकरने." एवढंच बोललो, प्लास्टिकचं नाव काढलं नाही.

पुढचं काम गावाने केलं. केंद्रात पंचवीस जण यायचे, ते चारावर आले. आज आपण ते बंद करतोय, आणि पत्रिकेत छापलंय की ताईंना पनवेलला चांगली संधी मिळाली.

धर्माभाऊ, घंटी वाजवू नका, संपवतोच.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला चालवायला ताईच आल्या. वॉकरच्या मुठीत प्लास्टिकचा एक तुकडा अडकून राहिला होता. त्यांनी तो नखाने काढला, माझ्याकडे बघितलं, आणि आईला म्हणाल्या, "आधी वॉकर, मग उजवा पाय." आठ महिने त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. मीही नाही. आज सकाळी आईनेच बजावलं, "तू न्हाय बोललास तर मी उठून बोलेन." ताई, तुमच्यापुढे मला माझीच लाज वाटते.

शाल माझ्या हस्ते द्यायची आहे. माझी ती लायकी नाही, आई देईल. तिला कोणी हात देऊ नका, ती येते चालत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पण ती चूक पोटात घालू नका. उद्या बाजारात, देवळात, जो विचारेल त्याला सांगा, चंद्राबाई तिच्या मुलामुळे पडली.