सिग्नलला तापणारी गाडी

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या गॅरेजात आपल्या गाडीची वाट बघून सरलाताईंचा डोळा लागत होता. मागच्या बाकावरच्या नवरा-बायकोचं मराठी कानावर आलं आणि त्यांची झोप उडाली.

"मी फोनवर असताना काय म्हणाला मेकॅनिक, हिमानी?"

"रेडिएटरचा पंखा गेलाय. एसी लावला की फिरायला हवा, तो हलतच नाही."

"पण मी ड्राइव्ह करतो तेव्हा तापमानाचा काटा वर जात नाही."

"तू हायवेने जातोस, सुशांत. तिथे वाऱ्यानेच इंजिन गार राहतं. मी गावात सिग्नलला उभी असते, तेव्हा पंखा लागतो."

"कधीपासून बंद असेल?"

"तू माझ्याकडून किल्ली काढून घेतलीस, त्याच्या आधीपासून. अख्खा उन्हाळा मी घरात बसले."

"मला खरंच वाटलं, तू सारखा ब्रेक दाबतेस म्हणून तापते."

"तसं सगळ्यांना सांगितलंस. गणपतीला सगळे आपापले पदार्थ घेऊन जमले, त्या पॉटलकमध्येसुद्धा."

"सॉरी यार. पंखा बदलला की तूच चालव."

"आणि तू शेजारी बसून काट्याकडे बघत राहणार."

"नाही बघणार."

"बघशील. मागच्या सीटवर बस."