जरा मोठं उघडा

—नाही, नाही, आता बोलायचं नाही. भूल दिलीय, जीभ चावाल. जरा मोठं उघडा... अजून... बास. हा रबरी ठोकळा दाढांखाली असू द्या, म्हणजे तोंड आपोआप उघडं राहतं, तुम्हाला कष्ट नाहीत. आणि ही नळी लाळ ओढेल, ती आपली गुरगुरत राहते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. मघाशी आल्या आल्या काय म्हणत होतात? मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही. असू दे, नंतर सांगा. दुखतंय एवढं कळलं ना मला, मग झालं — बाकीचं त्या एक्स-रेत दिसतं. अक्कलदाढ आहे, हाडात आडवी झोपलीय, तोंडात बघून पत्ता लागायचा नाही, पण भिंतीवरच्या त्या दिव्याच्या पेटीवर लावलाय बघा तुमचा अख्खा जबडा. फोटोपुढे कुणाचं काही चालत नाही. आज आमच्या सिस्टर रजेवर आहेत, तेव्हा एक्स-रे लावण्यापासून सगळं मीच. भूल चढेपर्यंत बसू बोलत. म्हणजे, मी बोलतो.

तर त्या कानगोष्टवाल्या तुम्हीच. बायको म्हणाली — ती काय, बाहेर काउंटरवर बसते, काचेपलीकडे — म्हणाली, अहो, आज ज्या येणार आहेत ना, त्यांनीच ते मेसेजचं ॲप काढलंय, पाठवणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याला वाचता येत नाही, खुद्द त्यांनासुद्धा नाही. मी म्हटलं, बऱ्या सापडल्या. — नाही, घाबरू नका, तसं नव्हतं म्हणायचं मला. आधीच सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल डॉक्टरनं हातात चिमटा येईपर्यंत लपवून ठेवलं. कॉलनीतून तुमच्याविरुद्ध ते पत्र निघालंय ना, ‘ॲप उघडून दाखवा, नाहीतर बंद करा’ — त्यावर पहिली सही माझी आहे. हात खाली ठेवा. डॉक्टर म्हणून मी तटस्थच असतो.

आणि मी दोन्ही बाजू बघणारा माणूस आहे. तुमच्यावर आरोप काय? शाळेचा पेपर फुटला, तो तुमच्या कानगोष्टीवरून या कानाचा त्या कानाला झाला, आणि मुख्याध्यापक तुमच्या दारात येऊन दातांच्या कण्या करत राहिले — आता त्यांच्या बाबतीत कण्या म्हणजे, दात तरी कुठं त्यांचे, वर-खाली दोन्हीकडे कवळी आहे, मीच बसवलीय — हे इथंच राहू द्या हं, त्यांच्या घरी ठाऊक नाही. तर ते म्हणाले, पेपर कुणी पाठवला तेवढं सांगा, आणि तुम्ही म्हणालात, मला दिसत नाही. झालं, हात झटकून मोकळ्या. लोक म्हणाले, दिसत नाही असं कसं? ज्यानं घर बांधलं त्यालाच दार ठाऊक नाही? मीही म्हटलं. कॉलनीच्या सभेत सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं. पण घरी येऊन विचार केला, की बाबा रे, पेपर होता कुणाच्या कपाटात? मुख्याध्यापकांच्या. चावी कुणाच्या खिशात? मुख्याध्यापकांच्या. मग कुलूप तिथलं निसटलं आणि आपण धरलंय कुणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी. असा विचार आला मनात. सही करून झाल्यावर आला, हा भाग वेगळा.

दुसरा आरोप — ज्याचं मन साफ, त्याला पडदा कशाला? हे वाक्य माझं नाही, समोरच्याचं. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दातांचा डॉक्टर. त्यानं माझ्यापेक्षा मोठी पाटी लावली तेव्हापासून आमचं बोलणं नाही. सभेत उभा राहून म्हणाला हे, टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, न वाजवून करतो काय. आणि सभेतून बाहेर पडतोय तोच त्याचा मेसेज — कशावर, तर कानगोष्टीवर — ‘अरे, या बाईंच्या दाढेच्या मुळाला नस चिकटलीय, तू काढली असतीस का?’ सोबत एक्स-रे. म्हणजे, आम्ही विचारतो एकमेकांना. अडलं तर. मीही विचारतो. चारचौघांत वैर आणि कानगोष्टीवर सल्लामसलत, आणि दिवस मावळला की मेसेज आपोआप पुसले जातात, ती सोय तुम्हीच ठेवलीय, चांगली आहे. पेशंटला कळलं की आपल्या डॉक्टरनं समोरच्याला विचारलं, तर पेशंट उठून समोर नाही का जाणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. डोळे एवढे मोठे का केलेत? हसताय? नाही? मग भूल चढत असेल, होतं असं.

बरं, तुमच्यापासून काय लपवायचं. सही काही मी पेपरसाठी केलेली नाही. ती शेजारची खुर्ची बघा. मान नका वळवू, नुसते डोळे. अजून प्लास्टिक काढलेलं नाही तिचं. माझ्या मुलीसाठी घेतलीय. दातांच्या कॉलेजात आहे, दुसऱ्या गावी. बाप-लेक शेजारी-शेजारी बसून दात काढणार — लोकांचे. दारावरच्या पाटीत तिच्या नावापुरती जागा कोरी सोडलीय मी, समोरच्यानं म्हणूनच मोठी करवून घेतली असणार त्याची. तर गेल्या सुट्टीत तिचा फोन इथं चार्जिंगला लावलेला, आणि मी सहज — सहजच हो, पडद्यावर उजेड पडला म्हणून — बघितलं, तर मैत्रिणीला लिहिलेलं: मला लोकांच्या तोंडात आयुष्य काढायचं नाहीये, बाबांना कसं समजवायचं तेच कळत नाही. मग जरा वर सरकवून मागचं वाचलं. मागचं म्हणजे, बरंच मागचं. बाप आहे मी तिचा, कुणी परका नाही. जेवायला बसल्यावर विषय काढला, आवाज चढला माझा, मान्य. तर ती ताटावरून न उठता काय म्हणाली असेल? ‘बाबा, हे मी तुम्हाला तोंडानं सांगितलं होतं. इथं क्लिनिकमध्ये उभं राहून सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि मशीन चालूच ठेवलंत. तुम्हाला माझं वाचायचं असतं, ऐकायचं नसतं.’ आता, सांगितलं असेलही तिनं. मशीनच्या आवाजात कुणाला काय कळतं.

त्या दिवसापासून मायलेकी कानगोष्टीवर. मला फक्त ‘पोचले’, ‘जेवले’, ‘ठीक’. काचेपलीकडे बायको फोन बघून हसते, काय गं म्हटलं तर काही नाही. परवा डोळे पुसत होती, काय झालं म्हटलं तर तेही काही नाही. माझंच घर, माझीच लेक, आणि माझ्यापुरती अळीमिळी गुपचिळी. आणि आज तिला कॉलेजला कळवायचंय, राहणार की सोडणार. आजचाच दिवस आहे. कदाचित आत्ता, मी इथं तुमच्याशी गप्पा मारतोय तेवढ्यात, त्या काचेमागं आलेलंसुद्धा असेल, आणि तिच्या बापाला ते कळणार कधी, तर सगळ्यांत शेवटी. फार लागतं हो मनाला. तुम्हाला मुलं नाहीत वाटतं अजून.

म्हणून विचारतो. फक्त आजचे मेसेज, त्या दोघींचे. ॲप तुम्ही काढलंय, कुठंतरी चोरवाट ठेवलीच असणार, आपण दोघंच आहोत खोलीत, मी कुणाला सांगणारा माणूस नाही — कवळीचं सोडा, ते चुकून निघालं तोंडातून. जबरदस्ती नाही हं. तुमच्या तोंडात ठोकळा आहे आणि माझ्या हातात चिमटा आहे, हा निव्वळ योगायोग. सही मागं घेतो, पाहिजे तर. मान नका हलवू, नळी निसटेल. नाही? नाही म्हणजे देत नाही, की देता येत नाही? त्यात फरक आहे, मॅडम. देत नाही म्हणालात तर मला भांडता येतं. येत नाही म्हणालात तर मी कुणाशी भांडू? तेच तर खटकतं लोकांना तुमचं, दुष्ट असतात तर बरं झालं असतं. आणि समजा, असली चोरवाट, आणि दाखवलीत मला, तर उद्या मुख्याध्यापक येणार, परवा समोरचा येणार, प्रत्येकाचं कारण भक्कमच असणार, प्रत्येकजण कुणाचा तरी बापच असणार. आणि मग मी कुठकुठल्या दाढा समोरच्याला विचारून काढल्या, तेही निघणार. हे कळतं मला. कळतं, पण वळत नाही.

चला, आता चढली असेल. ओठ जड लागतोय? उजवीकडचा? छान. आता हिरडीला एक छोटीशी चीर देतो, दुखणार नाही, नुसतं दाबल्यासारखं वाटेल. गाल का धरलाय? तो डावा आहे, त्याला काय झालंय. हात खाली. भिंतीकडे काय दाखवताय? हो, तुमचाच जबडा आहे, स्वतःचा बघून सगळ्यांनाच धक्का बसतो. मोठं उघडा. अहो, फोन कशाला आता? भूल दिल्यावर कुणी फोन — ते ॲपचं काम थांबू द्या की जरा वेळ. बाई, माझ्या हातात पातं आहे.

कुणाचा वाजला? माझा. बायको असणार, शंभरदा सांगितलंय आत पेशंट असताना — तुमचा आहे? इथं, माझ्या खुर्चीत बसून, मला मेसेज करताय? नंबर बायकोनं दिला असणार. थांबा, हातमोजा काढतो. आणि कशावर, तर कानगोष्टीवर, अर्थात. काय लिहिलंय... ‘एक्स-रे उलटा लावलाय. कोपऱ्यातलं माझं नाव उलटं दिसतंय. दुखणारी दाढ डावी.’

…

नाव उलटं. हो. हे असं काढून, असं फिरवलं की... हं. डावी. आडवी झोपलीय ती डावीकडची. उजवी पण हाडातच आहे, पण सरळ उभी, तिनं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. आणि मी तिलाच आता. तुम्ही आल्या आल्या हेच सांगत होतात का? मशीन चालू होतं तेव्हा? आणि मघापासून तो हात, तो गाल, ती भिंत — आणि मी काय समजलो, तर तुम्ही चर्चेत भाग घेताय.

मॅडम, हा मेसेज... म्हणजे समोरच्याला जर कुणी... नाही, बायकोचंही काही नाही, पण तिनं फोन हातात घेतला की... तो पुसता वगैरे — अरे. गेला. आत्ता होता इथं. वाचला की जाईल असाच पाठवलात तुम्ही? म्हणजे आता मलाच काय, तुम्हालाही दाखवता येणार नाही कुणाला. येत नाही. बरं. आता कळलं ते येत नाही म्हणजे काय. आभारी आहे मी तुमचा.

थांबा, ठोकळा काढतो. ही नळीही बंद करतो. मिटा. मिटा तोंड. किती शांत झालं नाही एकदम? आज काही करत नाही, एकाच दिवशी दोन्ही गाल बधिर नकोत. भूल उतरेपर्यंत उजवा गाल चावू नका, गरम काही पिऊ नका, आणि उद्या या. नाहीतर समोर जा, चांगला आहे तो, फक्त मी पाठवलं म्हणू नका. काय म्हणालात? सावकाश. जीभ वळत नाहीये, असू दे, मी थांबतो. ‘ति...’ काय? ‘तिलाच विचारा’? हं. हो. तेवढं एक करून बघितलं नव्हतं खरं.

अगं, आत ये जरा. काही झालेलं नाही, ये. फोन तुझ्याकडेच ठेव, मला वाचायचा नाहीये. तिला लाव. लागला की म्हण, बाबा त्या प्लास्टिकवाल्या खुर्चीत बसलेत आणि मशीन बंद आहे. एवढंच सांग, बाकी काही नको. लागला? दे इकडे. ...हं, बोल बाळा. नाही, मी काही बोलत नाही. तू बोल.

— मॅडम, तुम्ही अजून इथंच? निघा आता. आणि जाताना दार ओढून घ्या, हे आमचं घरचं बोलणं आहे.