अज्जा गेले, रडायला या

न्हाय, तुमीच सांगा की, जित्या माणसानं आपण जिता हाय हे किती जणांना पटवून द्यायचं? आत्ता माढ्याहून मावसभावाचा फोन आला. म्हणतो, "वैनींना द्या जरा, सांत्वन करायचं हाय." म्हटलं अरे, मी मडिवाळप्पाच बोलतोय. तर तो आणखीनच रडायला लागला आणि फोन ठेवून दिला... आता काय करायचं? आणि कुणाकडं तक्रार करायला गेलं की ऐकायला काय मिळतं? पोरं हायत, खेळणारच की.

खेळणारच. व्हय. पण कुणाशी खेळणार ते तर बघाल का न्हाय?

मे महिन्याची सुट्टी लागली. तुमाला सांगतो, सुट्टी पोरांना लागते आणि शिक्षा आमाला. मी आयुष्यभर एसटीत कंडक्टर, आता जुळे सोलापुरात पोराच्या फ्लॅटमधे ऱ्हातो. पोराची पोरगी सिद्धेश्वरी, हिनं चौथीची परीक्षा दिली आणि घराचा ताबा घेतला. त्यात पुण्याहून माझी लेक अक्षता आली, आपली दोन पोरं घेऊन, प्रभु आणि बसू. म्हणाली, "मुलांना आजोळ कळलं पाहिजे, अप्पा." पोरांना माझ्या अंगावर सोडलं आणि स्वतः पंख्याखाली जाऊन पडली. आजोळ पोरांना कळलं, झोप हिला मिळाली.

बाहेर ऊन असं की रस्त्यावरच्या डांबराला चप्पल चिकटावी. त्यामुळं पोरं घरात. पोरं घरात म्हणजे मी कुटं जाणार? पयल्याच दिवशी माझी कवळी गायब. घरभर शोधली, पलंगाखाली बघितलं, कचऱ्याच्या डब्यात हात घातला... तर बर्फाच्या ट्रेमधे गोठवून ठेवलेली. दुपारपर्यंत ती वितळायची वाट बघत मी पेज पीत बसलो. आमची सावित्रम्मा, म्हणजे माझी बायको, काय म्हणाली असंल? "एवढं काय त्यात, पोरं हायत, खेळणारच की."

बरं, त्याच आठवड्यात काय झालं, वळसंगचे आमचे कल्लप्पाकाका वारले. पिकलं पान होतं, गेले. आमी सगळे गेलो, पोरंबी होती. आता आमच्यात मेलेल्या माणसाला आडवा ठेवत न्हाईत, बसवतात. पाठीला आधार, कपाळाला विभूती, गळ्यात हार, समोर भजन. पोरं डोळे मोठे करून बघत होती. बसूनं भर भजनात विचारलं, "आई, यांचा वाढदिवस आहे का?" लोक हसू दाबत बसले. मीबी हसलो. माझं चुकलं ते तितंच.

पुढच्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या बायका भावकीतल्या एका लग्नाच्या साड्या घ्यायला नव्या पेठेत निघाल्या. सावित्रम्मा, लेक, सून, तिघी. पोरगा मृत्युंजय ऑफिसात. सून जाताना म्हणाली, "अप्पा, तुम्ही काही करू नका, नुसतं बसा. पोरं खेळतील."

नुसतं बसलो. सांगितलं तेवढंच केलं की मी. कूलरसमोर खुर्ची टाकली, सर्दीची गोळी घेतली होती, डोळा लागला. आता पुढचं मला जे कळलं ते मागनं कळलं, एकेकाला खाऊ देऊन विचारून घेतलेलं हाय.

सिद्धेश्वरी म्हणाली, "आपण कल्लप्पाकाका खेळू." पयल्यांदा प्रभुला मेलेला केला, तर तो हसायला लागला. मग बसूला केला, त्याला मधेच शू आली. मग हिची नजर माझ्यावर पडली. "अज्जा हलत नाहीत. अज्जांना घेऊ." तुमाला सांगतो, आयुष्यात कुणी मला कसल्या नाटकात घेतलं नव्हतं. घेतलं ते असं.

देवघरातली विभूती डबाभर माझ्या कपाळाला, गालाला, कानाला. दारावरचं प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण काढून गळ्यात. प्रभुनं नाकात कापूस घातला, तो श्वासानं सारखा उडायला लागला, तर सिद्धेश्वरी त्याला म्हणती, "नाकातला काढ, कानात घाल, नाहीतर खोटं वाटतं." हुशार पोरगी. मग अज्जीचा फोन चार्जिंगला होता तो घेतला, फोटो काढला आणि 'आपली माणसं' नावाचा आमच्या घराण्याचा ग्रुप हाय, त्यावर टाकला. खाली बसूच्या आवाजात निरोप: "अज्जा गेले. रडायला या."

फोटो मात्र, खरं सांगतो, चांगला आलाय. लग्नातबी माझा एवढा शांत चेहरा आला नव्हता.

आता तुमी म्हणाल, लोकांनी फोन करून विचारायचं की. केले ना! धडाधड केले. पण तोवर पोरं त्याच फोनवर कार्टून बघत बसलेली, आणि फोन आला की कार्टून थांबतं. म्हणून कट, कट, कट. लोक म्हणाले, सावित्रम्मा फोन कापतीय, म्हणजे बोलायच्या अवस्थेत न्हाय बिचारी. संपलं. लागले सगळे हात जोडायला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'देव आत्म्याला शांती देवो'. एका साडूनं गडबडीत केकचं चित्र टाकलं, ते अजून काढलेलं न्हाय.

मला जाग आली ती निंगव्वाच्या आवाजानं. निंगव्वा माझी बहीण, वळसंगला दिलेली, मिळंल त्या जीपनं आलेली. माझे पाय धरून, "अण्णा, बिट्टु होद्यल्लो अण्णा..." म्हणजे सोडून गेलास की रे. मी डोळे उघडणारच होतो. पण मागनं खालच्या मजल्यावरच्या वीरभद्रप्पांचा आवाज आला, सोसायटीचे चेअरमन, माझ्याशी पार्किंगवरून वर्षभर बोलणं बंद, आणि ते म्हणाले, "माणूस सरळ होता हो." मी आयुष्यात पयल्यांदा ऐकत होतो. म्हटलं, जरा थांबू. अजून काय म्हणतात बघू.

थांबायला नको होतं. "सरळ होता," म्हणाले, "पण डोकं थोडं कमी होतं."

निंगव्वा म्हणाली, "थोडं कुटलं? आमचा बाप म्हणायचा, ह्याला एसटीत चिकटवा, दुसरं काय जमणार न्हाय." आणि परत गळा काढला. तसाच गळा काढत काढत सगळं बाहेर काढलं. आईच्या पाटल्या मी बायकोला दिल्या, तिच्या बाळंतपणाला मी गेलो न्हाय, लग्नात तिच्या नवऱ्याला शिळी बुंदी वाढली. मी आतल्या आत मरत होतो, पण बाहेरनं आधीच मेलेलो, बोलणार कसं? मधेच ती म्हणाली, "पाय अजून गरमच हायत की हो चेअरमन."

वीरभद्रप्पा म्हणाले, "मे महिना हाय अक्का. सोलापुरात काय गार पडतंय?"

आणि तेवढ्यात आतनं बसू आला. पार माझ्या तोंडाजवळ आला, पोटाकडं बघितलं आणि सिद्धेश्वरीला विचारतो, "ताई, अज्जा उठले तर परत मारायचं का?"

तितं मला राहवलं न्हाय. डोळे उघडले आणि म्हटलं, "पाणी द्या कुणीतरी."

चेअरमन जिन्यानं खाली. खरंच सांगतो, वर्षभर गुडघा दुखतो म्हणून सांगत होते, असे पळाले. निंगव्वा किंचाळली, मागं पडली, उठली, मला हात लावून बघितला. मला वाटलं आता गळ्यात पडंल. तर कमरेवर हात ठेवून म्हणती, "मेला न्हाईस? मी पापड वाळत टाकून आलीय रे तिकडं. शेळ्यांनी खाल्ले असतील." जणू शेळ्या मीच पाठवल्या.

मग सावित्रम्मा आली. अक्षताच्या फोनवर बातमी बघून दुकानातनं तशीच निघालेली, रिक्षातनं उतरताना साड्यांच्या पिशव्या मात्र हातात होत्या, त्या सुटल्या न्हाईत. दारात उभी राहिली. मी विभूतीनं माखलेला, गळ्यात तोरण, हातात पाण्याचा तांब्या. तिनं बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाली, "मला वाटलंच. ह्यांचं कुठलं काम धड होतंय?"

आत्मारामाला लागतं हो असं. पण कुणाला सांगता? लेक म्हणाली, "अप्पा, चिडू नका, पोरं हायत, खेळणारच की."

शेवटी मृत्युंजय आला. डोळे लाल. गाडीवर रडत आला होता, खरं रडला होता, ते मी बघितलं, आणि तुमाला सांगतो, तेवढ्यापुरतं मला मेल्याचं समाधान वाटलं. मला बघून तो खाली जमिनीवर बसला. मी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. मग डोकं वर करून म्हणाला, "अप्पा, मी साहेबांना फोन केलाय. वडील गेले म्हणून. रजा मंजूर झाली."

म्हटलं, "मग सांग की, गैरसमज झाला."

"काय सांगू? वडील उठले म्हणून? कोण विश्वास ठेवंल? म्हणतील सुट्टीसाठी बापाला मारला." आणि मग माझा हात हातात घेऊन, अगदी मायेनं म्हणाला, "आणि एक करा अप्पा, आता जरा जपून ऱ्हावा. खरंच गेलात तर ह्यापुढं मला रजा मिळणार न्हाय."

पोराचं नाव मृत्युंजय. मीच ठेवलंय.

मग घरात कुजबूज सुरू झाली. रजा तर मिळालीय. पोरं कंटाळलीत. उन्हाळा कडक हाय. संध्याकाळी ठरलं, महाबळेश्वर. मला वाटलं, चला, मरून का हुईना, थंड हवा तरी खाऊ. मी माळ्यावरनं स्वेटर काढला, झटकला, पिशवीत भरला. सिद्धेश्वरी शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "अज्जा, तुम्ही कुठं?"

"महाबळेश्वरला."

"तुम्हाला कसं येता येईल? तुम्ही फोटोत आलात तर पप्पांची नोकरी जाईल." आणि माझ्या पिशवीतनं स्वेटर काढून घडी करून परत माझ्या हातात दिला. समजूतदार हो, लई समजूतदार. मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कुणीतरी म्हणंल, तिचं काय ऐकता, पोरं हायत... तर त्या वेळी मात्र कुणीच म्हणालं न्हाय.

गेले सगळे. सावित्रम्मासुद्धा. म्हणाली, "विधवा बाई घरात एकटी ऱ्हाऊन काय करणार?"

आणि काल दारावरची बेल वाजली. मृत्युंजयचे साहेब, सोबत ऑफिसातली दोन माणसं, पांढरे कपडे, खाली घातलेल्या माना. विभूतीचा तो फोटो त्यांच्यापर्यंतबी पोचलेला, माझ्याकडं बघून जरा दचकले. "आपण कोण?"

काय सांगणार? म्हटलं, "मोठा भाऊ. जुळा."

बसले. पाणी दिलं. साहेबांनी विचारलं, "मृत्युंजय कुठं आहे?" आणि माझ्या तोंडातनं गेलं ना, "महाबळेश्वरला." पण साहेबांनी डोळे मिटले, मान डोलवली. "बरं केलं. शंकराचं ठिकाण आहे. मनाला शांती मिळते."

मग साहेब हळूच म्हणाले, "कसे होते हो मृत्युंजयचे वडील?"

आता बघा, एवढ्या दिवसांत हे कुणी मला विचारलं नव्हतं. म्हटलं, "चांगला होता. डोकं थोडं कमी होतं, पण नातवंडांवर जीव होता." आणि मला रडूच आलं हो. माझंच मला. साहेबांनी उठून पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "सावरा. गेले ते सुटले."

म्हटलं, "व्हय साहेब, ते सुटले. पोरांची शाळा उघडायला अजून लई दिवस हायत."